विमान पोचेपर्यंत

रोहण्यात त्या काळी घड्याळं तीन होती. एक शाळेत, एक मोतीलाल शेठच्या कापसाच्या गोदामात आणि एक स्टेशनमास्तरच्या खिशात. तिघांचं आपसात कधी पटलं नाही. पुलगावहून आर्वीला जाणारी लहान गाडी गावावरून जायची, पण तिच्यावर वेळ लावणं म्हणजे रुसलेल्या जावयाच्या भरवशावर पंगत बसवणं. म्हणून सत्तावन्न साली नागपूरहून औरंगाबादला विमान सुरू झालं आणि दिवसाआड भर दुपारी रोहण्यावरून जाऊ लागलं, तेव्हा गावानं ते आपल्यासाठीच सोडलंय असं धरून घेतलं. विमान गेलं की बाया धाब्यावरचं, घराच्या सपाट मातीच्या छतावरचं, वाळवण उलटवत, गडी बैलांना पाणी दाखवत. ज्या दिवशी विमान नसे त्या दिवशी बैल तहानलेले राहत असं लोक म्हणत. खरंखोटं बैल जाणोत.

हरिभाऊ मास्तरांना याचं हसू येई. ते गावच्या शाळेत गणित शिकवत, आणि गणितात न बसणाऱ्या गोष्टींना त्यांच्याकडे एकच शब्द होता, ‘भाकडकथा’. उंच, वाळका माणूस. बायको यशोदा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण शकुंतलाबाई. मुलगा एकच, नरहर. तो नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होता. तो सुट्टीत आला की त्या घरात चार माणसांचा आवाज व्हायचा, आणि गेला की शकुंतलाबाईंच्या बांगड्या नसलेल्या हातातली पळीसुद्धा हळू वाजायची. हरिभाऊंना आयुष्याकडून आता मोठं काही नको होतं. नरहर नीट असावा आणि वर्षातून दोनदा ओसरीवर येऊन बसावा, एवढंच.

तर आदल्याच साली विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही नव्या द्विभाषिक राज्यात गेले होते, नागपूरच्या कचेऱ्या मोडून माणसं वाटेल तिकडं पाठवत होते. नरहरची बदली औरंगाबादला झाली. साहेबाच्या फायली तातडीनं पोचवायच्या म्हणून कचेरीनं त्याला विमानाचं तिकीट काढून दिलं. निघण्याआधी तो दोन दिवस घरी आला आणि गावात एकच गवगवा झाला. बंडूजी न्हाव्यानं त्याची दाढी फुकट केली. म्हणाला, वर गेल्यावर देवाच्या जवळून जाशील, चेहरा साफ असलेला बरा.

आता इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रोहण्यात घरचं माणूस गावाला निघालं की त्यानं जेवलेला पाट उचलत नसत आणि घरात फडा, म्हणजे केरसुणी, फिरवत नसत. त्याच्या पाटाभोवतीचे भाकरीचे कण, सुपारीचा चुरा, पायाची धूळ, सगळं तसंच पडून राहायचं, तो ठिकाणावर पोचेपर्यंत. माणूस वाटेत असताना मागे केर काढला तर त्याची वाट पुसली जाते, असं म्हणत. आर्वीला गेला तर दुपारपर्यंत थांबायचं. नागपूरला गेला तर दिवेलागणीपर्यंत. रूपराव पाटील काशीला गेले तेव्हा पाटलीणबाईनं इतके दिवस झाडलं नाही, की शेवटी बकऱ्यांचा गोठा बरा अशी घराची कळा झाली. पण पाटील धडधाकट परत आले, अन् रीत आणखी पक्की झाली.

विमानाचा हिशेब मात्र कोणालाच माहीत नव्हता.

‘‘विमानानं गेल्यावर किती वेळ फडा नाई घ्यायचा?’’ शकुंतलाबाईंनी नरहरच्या ताटात दही वाढता वाढता विचारलं.

हरिभाऊंनी लगेच भिंतीवरचा नकाशा उतरवला. धागा घेतला, एक टोक नागपूरवर धरलं, दुसरं औरंगाबादवर. धागा रोहण्याच्या अगदी डोक्यावरून गेला. त्यांनी तो मोजला, मैलांच्या पट्टीवर लावला.

‘‘अडीचशे मैल. दीड तास. दोनले सुटते, साडेतीनले पोचते,’’ ते म्हणाले. ‘‘रेल्वेनं मनमाडवरून गेला असता तं एक रात्र अन् वरून दिवस. बाई, तुही रीत मोडत नाई मी. फक्त लहान करून देतो. उद्या साडेतीनले बेलाशक झाड.’’

‘‘तार येऊ दे मंग पाहीन,’’ शकुंतलाबाई म्हणाल्या.

नरहर हसत होता. निघताना त्यानं दोघांच्या पाया पडून ‘‘येतो’’ म्हटलं. ‘‘बाबा, धाब्यावर उभे राहजा. मी खिडकीतून पाहीन. धोतर हालवजा म्हणजे घर ओळखू येईल.’’ मग तो संध्याकाळच्या लहान गाडीनं पुलगावला आणि तिथून नागपूरला गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कावळेसुद्धा कडुनिंबाखाली चोच उघडी टाकून बसले होते. शाळा सकाळची होती. हरिभाऊ धुतलेलं धोतर घेऊन धाब्यावर चढले. आधी आवाज आला, हिंगणीच्या जंगलाकडून, दळणासारखा. मग विमान दिसलं, चांदीच्या सुपारीएवढं. त्यांनी दोन्ही हातांनी धोतर हलवलं. शेजारचे रामाजी आपल्या धाब्यावरून म्हणाले, ‘‘मास्तर, पोरगं वाकून पाहून राह्यलं बरं,’’ आणि हरिभाऊंना ते खोटं आहे हे माहीत असूनही फार बरं वाटलं. विमान वर्धा नदीच्या अंगाला गेलं, बारीक झालं, आवाज विरला.

शकुंतलाबाई कोणाच्या तरी घरी शेवया करायला गेल्या होत्या. हरिभाऊ एकटेच घरात आले. स्वयंपाकघरात पाट होता. त्याच्या डाव्या अंगाला भाकरीचा चुरा, दह्याचा वाळलेला थेंब, नव्या कोटाचा एक निळा दोरा. पाटाकडं पाहिलं की वाटावं, पोरगं हात धुवायला उठलंय, आत्ता येऊन बसेल. हरिभाऊ ओसरीवर जाऊन बसले, परत आत आले, परत बाहेर गेले. एवढंसं घर, पण त्या दुपारी ते काही केल्या संपेना. त्यांना ते पाहवत नव्हतं, खरं कारण हेच. पण स्वतःला त्यांनी सांगितलं ते वेगळं. शाळेत जाऊन ते घड्याळात साडेतीन झालेले पाहून आले, आणि मनाशी म्हणाले, गणित म्हणजे गणित, पोरगा पोचला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी झाडायला म्हणून फडा हातात घेतला. पाट उचलून भिंतीला लावला. भाकरीचा चुरा, दोरा, पायाची माती, सगळं गोळा करून मागच्या उकिरड्यावर टाकलं. हात धुतले. शकुंतलाबाई आल्या तेव्हा जमीन स्वच्छ होती. त्या भिंतीला लावलेल्या पाटाकडं पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तार आली, ‘पोचलो’. हरिभाऊंनी ती बहिणीपुढं अशी धरली जशी पोरापुढं सोडवलेली बेरीज. शकुंतलाबाईंनी तार कपाळाला लावली अन् विषय मिटला. तो तिथंच मिटता तर बरं होतं.

आठवड्यानं नरहरचं पत्र आलं. खोली मिळाली, पाणी जड आहे, साहेब बरा आहे. आणि विमानाबद्दल त्यानं हौसेनं लिहिलं होतं. धोतर दिसलं, एवढंस्सं, भाताच्या शितासारखं. पुढं मात्र वारा समोरून लागला, विमान जागच्या जागी हेलकावे खात राहिलं, आणि साडेतीनला पोचायचं ते पाचला टेकलं.

हरिभाऊंनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. शकुंतलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

‘‘तू केव्हा झाडलं?’’

‘‘अवं, पोचला ना तो. तार नाई आली का?’’

‘‘तू झाडलं तवा तो वाटंत होता,’’ त्या म्हणाल्या. मग उठून मागच्या दारी गेल्या आणि बराच वेळ उकिरड्याशी वाकून काहीतरी शोधत राहिल्या. उन्हाळ्याची वावटळ येऊन गेलेली. निळा दोरा काही सापडला नाही.

पाऊस आला, पेरण्या झाल्या. विमान दिवसाआड जातच होतं. श्रावणात एका दुपारी हरिभाऊ ओसरीवर वह्या तपासत बसले होते. विमान आलं, डोक्यावर आलं, आणि त्यांना वाटलं की ते पुढं जाईना. आवाज चढला नाही, उतरला नाही. घराच्या माथ्यावर एकसारखा घुमत राहिला. ते अंगणात येऊन वर पाहू लागले. ढग होते.

‘‘रामाजी, विमान काऊन थांबलं?’’ त्यांनी कुंपणावरून विचारलं.

रामाजी बैलांना पाणी पाजून परतत होते. ‘‘ते तं कवाच गेलं मास्तर.’’

हरिभाऊ आत गेले. आवाज आत जास्त होता. स्वयंपाकघरात पाणी भरायचा पितळेचा गुंड बारीक गुणगुणत होता आणि त्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती, मधोमध, कोणी खडा टाकल्यासारखी. गुंड ठेवला होता तिथून हातभर अंतरावर नरहरचा पाट असायचा. त्यांनी गुंडावर तळहात ठेवला. तो थांबला नाही. संध्याकाळी शकुंतलाबाईंनी दिवा लावला तेव्हा कुठं पाणी स्थिर झालं.

कानात काहीतरी दोष झाला असेल, असं त्यांनी ठरवलं. पुलगावच्या डॉक्टरनं कान तपासून स्वच्छ असल्याचं सांगितलं. त्यानंतर त्यांनी हा विषय कोणाकडं काढला नाही. शकुंतलाबाईंनी आपणहून गुंडाची जागा बदलली. दोघं बहीणभाऊ विमानाच्या दिवशी दुपारी घरात थांबेनासे झाले, एवढं खरं. त्या देवळात जात, हे शाळेत कारण नसताना बसून राहत.

दिवाळीला नरहर आला. पुलगावपर्यंत मोठ्या गाडीनं, पुढं लहान गाडीनं. हरिभाऊ स्टेशनवर गेले होते. डब्यातून उतरताना त्यानं पाऊल असं चाचपत टाकलं, जणू खाली जमीन आहे याची त्याला खात्री नव्हती. वाळला होता. बाकी तोच मुलगा, तेच हसणं. बैलगाडीत बसल्यावर हरिभाऊंनी पाहिलं, त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

‘‘कान दुखते का?’’

‘‘नाई बाबा. विमानात देते ना. चढताना दडे बसते म्हणून.’’

‘‘पण तू तं रेल्वेनं आला.’’

‘‘हो,’’ नरहर म्हणाला.

‘‘मंग काढ तो कापूस.’’

‘‘उतरल्यावर काढतो,’’ तो सहज बोलला, आणि बाजूच्या कपाशीकडं पाहू लागला. तो बाजूला पाहत नव्हता, वाकून खाली पाहत होता, हे घरी पोचल्यावर हरिभाऊंच्या ध्यानात आलं.

घरात त्यानं जेवण केलं, आत्याची थट्टा केली, नागपूरच्या मित्रांच्या गोष्टी सांगितल्या. पण पाटावर बसला की दोन्ही हातांनी पाटाच्या कडा धरायचा. मधूनच घोट गिळायचा, तोंडात काही नसताना. आणि एकदा, चिवड्याची वाटी हातात असताना, तो चुलीकडं, गुंडाकडं, देव्हाऱ्याकडं बघून मायेनं म्हणाला, ‘‘केवढंसं दिसते न आपलं घर.’’

शकुंतलाबाई चुलीपुढून उठल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

लक्ष्मीपूजनाला घरोघर नवा फडा पुजतात, त्यांच्या घरीही आणला होता. पाटावर फडा ठेवून हळदकुंकू वाहायचं, मग घरच्या कर्त्यानं तो हातात घेऊन कोपऱ्यात उभा करायचा. हरिभाऊंनी हात पुढं केला आणि नरहर एकदम मागं सरकला, भिंतीला टेकेपर्यंत.

‘‘बाबा, तो नका घेऊ हाती,’’ तो म्हणाला. आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते. ‘‘अजून थोडं राह्यलं. मी पोचतोच.’’

हरिभाऊंनी फडा तिथंच ठेवला. त्या क्षणी त्यांना आपल्या पोराची फार दया आली. गणित शिकवून केस पांढरे केले, आणि जन्मात एकदा घाई केली ती नेमकी इथं. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली पाठ गार होती, आणि तिच्यात एक बारीकशी थरथर होती, गुंडातल्या पाण्यासारखी, न थांबणारी.

भाऊबीज झाल्यावर नरहर गेला. शकुंतलाबाईंनी पाट जागचा हलवला नाही, फडा वळचणीला खोचून ठेवला. यावेळी तारही आली, पत्रंही आली, तरी त्यांनी झाडलं नाही. हरिभाऊंनीही झाड म्हटलं नाही. मार्गशीर्षापर्यंत घरात मातीचा थर बसला आणि ज्या घरात पोरं शिकवणीला यायची तिथं येईनाशी झाली.

हंगामात मोतीलाल शेठ सरकीच्या सौद्यासाठी जालना-औरंगाबाद करून आले. हरिभाऊंनी त्यांच्या हातून नरहरसाठी लाडू पाठवले होते. परत आल्यावर शेठ स्वतः ओसरीवर आले, पण आत बसले नाहीत.

‘‘मुलगा ठीक हाय मास्तरजी. काम बराबर करते. साहेब खूश हाय.’’ ते थांबले, टोपी काढून परत घातली. ‘‘मी लाडू दिले. तो मले विचारते, शेठजी, रोहणा गेला का? मी म्हटलं, गेला म्हणजे? तो म्हणते, खाली पाहा न, किती वेळचा रोहणाच दिसून राह्यला.’’

‘‘कानात कापूस होता?’’

‘‘होता,’’ शेठ म्हणाले.

त्या रात्री हरिभाऊंनी बहिणीला सांगितलं की आपण औरंगाबादला जाऊ. विमानानं. शकुंतलाबाईंनी रेल्वेचं नाव काढलं नाही. त्यांनाही कळत होतं. माणूस ज्या वाटेवर अडकलाय त्याच वाटेनं जाऊन त्याला आणावं लागतं. आडवाटेनं गेलं तर चुकामूक व्हायची.

संक्रांत झाली आणि हरिभाऊ निघाले. शकुंतलाबाईंनी भाकरी वाढली, हातावर दही दिलं. नरहरच्या पाटाशेजारी त्यांचा पाट होता. जेवून उठताना दह्याचा थेंब जमिनीवर पडला.

‘‘बाई, मी पोचल्याची तार येईपर्यंत—’’

‘‘मी मेली तरी फड्याले हात नाई लावत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धाब्यावर उभी राहतो. तुहं धोतर हालवतो.’’

‘‘येतो,’’ हरिभाऊ म्हणाले.

नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, विमान जवळून पाहिलं तेव्हा ते मागच्या शेपटीवर टेकून बसलं होतं, आत शिरल्यावर जागेपर्यंत चढ चढावा लागला. उग्र वास येत होता, पेट्रोलचा आणि उन्हात तापलेल्या कातड्याचा. एका मुलीनं तबक फिरवलं. तबकात पेपरमिंट आणि कापूस. हरिभाऊंनी हयात कपाशीच्या मुलखात काढली होती, पण तो कापूस हातात घेताना त्यांची बोटं थबकली. मग त्यांनी बोळे केले आणि कानात घातले. जग एकदम लांब गेलं.

शेजारी कारंज्याचे ठेकेदार होते, महादेवराव म्हणून. त्यांचाही पहिलाच प्रवास. त्यांनी पेपरमिंटचा कागद सोडला आणि विचारलं, ‘‘किती दूर असन हो औरंगाबाद?’’

‘‘अडीचशे मैल,’’ हरिभाऊ म्हणाले. ‘‘दीड तास.’’

विमान उठलं. कानांत दडे बसले, त्यांनी घोट गिळला. आपले हात खुर्चीच्या कडा धरून आहेत हे त्यांनी पाहिलं. खाली हिंगणीचं जंगल गेलं, बोर नदीची वाळू गेली. शेतं धाकट्या पोरानं पाटीवर आखलेल्या चौकटींसारखी दिसत होती. मग लहान गाडीचा रूळ दिसला.

रुळाच्या अलीकडं रोहणा.

त्यांनी कपाळ काचेला लावलं. देवळाचा कळस. मोतीलालचं गोदाम. त्याच्या मागं आपलं घर. धाब्यावर पांढरा ठिपका हलत होता. त्याच्याखाली शकुंतलाबाई, वर पाहणाऱ्या.

अंगणात आणखी कोणीतरी होतं.

पांढरा सदरा. हातात फडा. तो स्वयंपाकघराच्या दारातून केर बाहेर लोटत होता, सावकाश, एकेक हात. शकुंतलाबाईंची त्याच्याकडं पाठ होती.

त्यानं केर गोळा केला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहिलं.

इतक्या उंचीवरून माणसाचं तोंड दिसत नाही, हे हरिभाऊंना गणितानं माहीत होतं. तरी त्यांना दिसलं. कान दिसले. कानांत काही नव्हतं.

वैशाखापासून छातीवर असलेला दगड उतरला. पोरगं उतरलं होतं. त्याचे दोन्ही पाय अंगणातल्या मातीत घट्ट टेकले होते. हरिभाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

‘‘काय झालं मास्तर?’’ महादेवरावांनी विचारलं.

‘‘काई नाई. पोरगं घरी पोचलं.’’

अंगणातल्या माणसानं केर उचलला आणि मागच्या दारी गेला. त्या केरात काय असेल ते मग हरिभाऊंच्या ध्यानात आलं. भाकरीचे कण. दह्याचा थेंब. त्यांच्या पायाची माती.

ते नुसते खुर्चीत मागं टेकले.

विमान हेलकावलं, स्थिर झालं. आवाज एकसारखा होता, चढत नव्हता, उतरत नव्हता. कोणी खोकलं. कोणी वर्तमानपत्र उलटलं. ती मुलगी तबक घेऊन पुढून येत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी खिडकीतून पाहिलं. लहान गाडीचा रूळ होता. रुळाच्या अलीकडं कळस, गोदाम, धाबं.

त्यांचा हात कानाकडं गेला. बोटांना कापूस लागला. उतरल्यावर काढू, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी हात खाली घेतला.

खाली पांढरं धोतर अजून हलत होतं.

महादेवरावांनी पेपरमिंटचा कागद सोडला.

‘‘किती दूर असन हो औरंगाबाद?’’

‘‘अडीचशे मैल,’’ हरिभाऊ म्हणाले.